हातपाय धू आणि जेवायला बस

गेल्या शनिवारी रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी लॅपटॉपवर एक जुना इंग्लिश पिक्चर बघितला, 'रिव्हर्स एज', १९८६चा, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलोय. थ्रिलर वगैरे अजिबात नाही, कुणी मारलं हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. नदीकाठी एक दांडगा पोरगा बसलाय, बाजूला त्याच्याच ग्रुपमधली मुलगी पडलीय, मेलेली, आणि तो नुसता बसलाय. तिकडून एक बाराएक वर्षांचं पोरगं हे बघतंय, ज्यानं आत्ताच आपल्या धाकट्या बहिणीची बाहुली पाण्यात फेकून दिलीय. मग तो दांडगा पोरगा मित्रांना भेटतो आणि सरळ सांगतो की मी तिला मारलं. कुणाला खरंच वाटत नाही. तर तो म्हणतो, चला दाखवतो. आणि हे सगळे जातात, गाडीत बसून जातात, बघतात, एक जण काठीनं ढोसून बघतो, आणि परत येतात.

आणि कुणी कुणाला काही सांगत नाही.

इथं मी पिक्चर थांबवला, किचनमध्ये जाऊन पाणी प्यायलो, गॅलरीत उभा राहिलो. आम्ही घणसोलीला राहतो, गॅलरीतून रुळ दिसतात आणि पलीकडं आयटी पार्कचे दिवे. उभा राहिलो कारण 'चला दाखवतो' हे मी आधी ऐकलेलं आहे. २००२ साली, कोपरखैरण्यात, मराठीत.

ते सांगणारच आहे, पण आधी पिक्चरचं बोलू दे, नाहीतर सगळी गुंतवळ होईल.

दिग्दर्शक टिम हंटर, लिहिलाय नील हिमेनेझनं. किआनू रीव्ह्स आहे त्यात, तेव्हा अगदी कोवळा, ग्रुपमधला तो एकटा जो शेवटी पोलिसांकडं जातो. पण सगळा पिक्चर खातो तो क्रिस्पिन ग्लोव्हर, ग्रुपचा पुढारी, सतत हातवारे, सतत बडबड, मित्राला वाचवायचं म्हणून रात्रभर गाडी फिरवतो. त्याला हे सगळं एखाद्या सिनेमासारखं वाटतंय, लहानपणापासूनचे मित्र, एक जण अडचणीत आलाय, आता आपल्या दोस्तीची परीक्षा आहे, असं. मेलेली मुलगीसुद्धा त्याची मैत्रीणच होती हे त्याच्या डोक्यात एकदाही येत नाही. ग्रुपमधली एक मुलगी म्हणते की टीव्हीवरच्या एका पिक्चरमध्ये हिरो मेला तेव्हा मी रडले होते आणि हिच्यासाठी मला रडूच येत नाहीये. हे ती लाजून म्हणत नाही, तिला खरंच प्रश्न पडलाय. किआनू पोलीस ठाण्यात बसलेला असतो आणि साहेब त्याला विचारतात की तिला असं बघून तुला वाटलं काय, तर त्याच्याकडं उत्तरच नाहीये. लोक म्हणतात हा पिक्चर भावना मेलेल्या पोरांचा आहे. मला नाही पटत. मला ती पोरं भावना मेलेली वाटली नाहीत, मला ती अशी वाटली की पोटात काहीतरी आहे आणि ते ओकायला मोरीच सापडत नाहीये.

मोठी माणसं आहेत की पिक्चरमध्ये. एक मास्तर आहे, वर्गात सांगत असतो की आमच्या वेळी आम्ही रस्त्यावर उतरलो, आम्ही युद्ध थांबवलं. तो पोरांना बोलतो, पोरांशी बोलत नाही. किआनूची आई आहे, दमलेली, घरात तिचा मित्र येऊन राहिलाय आणि पोराचं त्याच्याशी पटत नाही, रोज आरडाओरडा. डेनिस हॉपरनं केलेला एक एकपायी माणूस आहे, घरात कोंडून घेतलेला, त्यानं म्हणे पूर्वी स्वतःच एका बाईला मारलंय, आणि त्या पोरांना सगळ्यात जवळचा मोठा माणूस तो वाटतो. हे फार भयंकर आहे, विचार करा जरा, की पोरांना काही झालं तर जायला एकच दार आहे आणि त्या दारामागं हा बसलाय.

अजून एक सांगतो मग पुढं जातो. कॅमेरा त्या मुलीकडं परत परत जातो. पोरं तिला विसरतात, आपल्या भांडणात, आपल्या दोस्तीत, आणि दिग्दर्शक मात्र आपल्याला पुन्हा तिथं नेऊन उभं करतो, ती थंडीत तशीच पडलीय, डोळे उघडे. शेवटी तिच्या अंत्यविधीला पोरं तिच्यासमोर येतात. मला ते बघवत नव्हतं पण मी बघितलं, कारण मला वाटलं इतकं तरी आपण तिचं देणं लागतो.

आता खरी गोष्ट. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ मिलपिटास नावाचं उपनगर आहे. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सोळा वर्षांच्या पोरानं चौदा वर्षांच्या मुलीचा गळा दाबून खून केला आणि प्रेत गावाबाहेरच्या डोंगरात टाकलं. नंतर तो मित्रांना नेऊन नेऊन ते दाखवत होता. दहाबारा पोरांना तरी माहीत होतं. पोलिसांपर्यंत खबर जायला जवळजवळ दोन दिवस गेले, आणि तेही त्यातल्याच दोघांना शेवटी राहवलं नाही म्हणून. खुन्याला मोठा माणूस धरून शिक्षा झाली, पंचवीस वर्षं ते जन्मठेप. सिनेमात नदी आहे, खऱ्यात डोंगर होता, सिनेमातला एकपायी माणूस रचलेला आहे, पण ते गप्प बसणं रचलेलं नाहीये. मी मुद्दाम त्या मुलीचं नाव लिहीत नाही, तिच्या त्या चौदा वर्षांत काय काय असेल आणि लोकांनी तिला फक्त त्या दोन दिवसांवरून ओळखावं हे मला बरं वाटत नाही.

मिलपिटासला फोर्डचा मोटारींचा कारखाना होता, १९५५ पासून, १९८३ला बंद पडला, आणि १९९४ला त्याच जागेत मोठा मॉल झाला. हे वाचलं आणि मला आपलं ठाणं दिसलं. पोखरण रोडवरची रेमंड २००९ला बंद झाली आणि आता तिथं टॉवर आहेत. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कितीतरी केमिकल कंपन्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्यात, लहानपणी त्या रोडनं बसमधून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावायचो. कारखान्याच्या आधारानं वस्ती होते, मग कारखाना जातो, वस्ती राहते, आणि त्या वस्तीतली पोरं अशा गावात वाढतात जे गाव नेमकं कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

ह्याच टिम हंटरनं आधी अजून एका पिक्चरची गोष्ट लिहिली होती, दुसऱ्या एकाबरोबर, 'ओव्हर द एज', १९७९चा. तोसुद्धा खऱ्या बातमीवरून, फॉस्टर सिटी नावाच्या गावातल्या पोरांनी केलेल्या तोडफोडीची ती बातमी होती. हे फॉस्टर सिटी म्हणजे खाडीच्या दलदलीत भराव टाकून, नकाशा काढून वसवलेलं गाव, पावसाचं पाणी साठायला मधोमध तळं ठेवलेलं. वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. अहो ही तर नवी मुंबई. १९७०ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, मिठागरं घेतली, नकाशा काढला, सेक्टर पाडले. आपल्याकडं भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेला होल्डिंग पाँड केलेत, हॉलंडसारखे, भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी पाँडमध्ये थांबतं, ओहोटीला झडपा उघडल्या की खाडीत जातं. फार हुशारीनं केलेलं काम आहे ते, आणि मी सिडकोला नावं ठेवणाऱ्यातला नाही, माझ्या बापाला छप्पर त्या योजनेनंच मिळालं. पण त्या पिक्चरमध्ये म्हटलंय की गाव आखणारे एक गोष्ट विसरले, वस्तीतले पाव लोक पंधरा किंवा त्याच्या आतले होते. आमच्या सेक्टरच्या नकाशात शाळा होती, बाजार होता, मैदानाचं आरक्षण होतं. संध्याकाळी सात वाजता पंधरा वर्षांच्या पोरानं जायचं कुठं, ते नव्हतं. म्हणून आम्ही पाँडवर जायचो.

माझे वडील माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला टोळीत होते. गाव साताऱ्याकडचं. कोपरखैरण्याला आमच्या आजूबाजूला सगळी तीच माणसं, सगळ्यांचे बाप पहाटे मार्केटला आणि दुपारी घरी येऊन पाठ टेकलेली. ठाणे-तुर्भे लोकल २००४ला सुरू झाली, त्याआधी स्टेशनच नव्हतं, कुठं जायचं तर एनएमएमटीची बस. आज जिथं निसर्ग उद्यान आहे तिथं तेव्हा डम्पिंग होतं, वारा फिरला की वास घरात. आणि त्याच बाजूला पाँड, कडेनं तिवरं, पाणकणीस, एक बांध, बांधावर बसायला बरं. आम्ही पाच जण होतो. दहावीचं वर्ष.

डम्पिंगवर भंगार वेचणारा एक माणूस होता. आम्ही त्याला पोतंवाला म्हणायचो. नाव कुणाला माहीत नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मोठी माणसं त्याला गर्दुल्ला म्हणायची, खरंच होता का माहीत नाही. कधी कधी तो आमचा नाल्यात गेलेला बॉल काढून द्यायचा, काठीनं, आणि पँटला पुसून द्यायचा. हे पुसणं मला आठवतं. ओला बॉल तसाच फेकला असता तरी चाललं असतं आम्हाला.

डिसेंबर होता, प्रिलिम तोंडावर. क्लासला दांडी मारून आम्ही बांधावर गेलो होतो, एकानं कुठून तरी दोन सिगारेटी आणल्या होत्या. आमच्यातला एक जण, एकदा नापास झालेला म्हणून वयानं मोठा, तो आधीच आला होता. तो म्हणाला, "चला, एक गोष्ट दाखवतो."

तिवरांमधून आत पाचपन्नास पावलं. पोतंवाला कुशीवर पडला होता, पोतं डोक्याखाली घेऊन, झोपल्यासारखा. एका पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर, दुसरी बाजूला पडलेली आणि ती तपकिरी, म्हणजे जोडीची नव्हतीच. पोत्याजवळ अर्धा फोडलेला पार्ले-जीचा पुडा आणि त्याच्याकडं जाणारी मुंग्यांची रांग, ती रांग त्याच्या मनगटावरून जात होती. मनगटावरून, चढून, उतरून, पुढं. ओठाच्या कडेला माश्या. कुणीतरी खडा मारला, त्याला नाही, बाजूला. तो हलला नाही. एक म्हणाला टाइट आहे. एक म्हणाला गेला. बारक्या काहीच बोलला नाही, बारक्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात किरकोळ, माझा शेजारी.

मी त्याच्या शर्टाकडं बघत होतो. शर्ट हलत होता. वाऱ्यानं हलत होता की छातीनं हलत होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही माहीत नाही. दोन पावलं पुढं जाऊन हात लावला असता तर कळलं असतं. दोन पावलं. मी मोजलीत ती नंतर, हजार वेळा.

आम्ही परत आलो आणि मैदानावर क्रिकेट खेळलो. खरं सांगतोय. मला बॅटिंग मिळाली, मी केली. घरी गेलो, आईनं मेथी केली होती, भाकरी होती, मी जेवलो, आणि नीट जेवलो, तिनं वाढलं तेवढं सगळं खाल्लं. रात्री झोप लागली नाही असंही सांगता येत नाही, लागली. पिक्चरमधली ती मुलगी म्हणते ना मला रडूच येत नाहीये, ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला तो ह्याच्यामुळं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना तिकडं गर्दी, पोलिसांची गाडी. बांधावर फिरायला येणाऱ्या कुणीतरी बघितलं होतं. हवालदार आम्हाला म्हणाले, "काय बघताय रे, शाळा नाही का? पळा." पळालो. नंतर कळलं की अपघाती मृत्यूची नोंद झाली. बास, संपलं. त्याचं कुणी आलं का, कुणी नेलं का, काही माहीत नाही. आणि आम्ही पाच जण, ह्या विषयावर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ठरवून नाही. कुणी 'गप्प बसा' म्हटलं नाही, शपथ घातली नाही, पिक्चरमध्ये तो पुढारी जसा सगळ्यांना धरून ठेवतो तसं कुणी धरून ठेवलं नाही. आपोआप झालं. जून उजाडेपर्यंत तर ग्रुपच फुटला, कुणी आयटीआयला, कुणी वाशीच्या कॉलेजला.

का नाही सांगितलं? मी ह्यावर इतका विचार केलाय की आता उत्तरं झिजून गेलीत. क्लास बुडवलेला कळेल, सिगारेट कळेल, तिकडं काय करत होतात असं विचारतील, हे तर होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी हवेतच होतं. आमच्या घरात शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. पोलीस म्हणजे ज्याच्याकडं जायचं तो नाही, ज्याच्यापासून लांब राहायचं तो. मी पुढं कायद्याचं थोडंफार वाचलं. खुनासारखा गुन्हा माहीत असेल तर पोलिसांना कळवणं हे आपल्याकडं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आधी सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याच्या, ३९ कलमात होतं, आता नवीन कायद्यात ३३ आहे. पण रस्त्याकडेला एक माणूस पडलाय, हे कुणाला सांगितलं नाही तर त्याला काही कलम मला सापडलं नाही. म्हणजे कायद्यानं आम्ही काहीच केलं नव्हतं. मला वाटलं होतं हे कळल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

आणि म्हणून, अशी कुठली बातमी आली, अल्पवयीन पोरांनी हे केलं, ते केलं, की खाली लोक लिहितात ना, लटकवा, चौकात फाशी द्या, ते मला वाचवत नाही. दिल्लीच्या २०१२च्या त्या घटनेनंतर कायदा बदलला, २०१५चा नवीन कायदा आला, आता सोळा ते अठराच्या पोरावर, गुन्हा फारच गंभीर असेल तर आणि बाल न्याय मंडळाला तपासून तसं वाटलं तर, मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. चालू दे, ज्यानं जीव घेतला त्याच्याबद्दल मला कणव नाहीये. पण प्रत्येक अशा गोष्टीत करणारा एक असतो आणि माहीत असलेले दहाबारा. त्या दहाबारांचं काय करायचं हे कुणी बोलत नाही. ते आपल्यातच राहतात, मोठे होतात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात, सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवर बोलतात. मी आहे की.

आता शनिवारी हा पिक्चर लावलाच का, ते.

माझा पोरगा नववीत आहे. बुधवारी रात्री जेवताना गप्प होता, मग हात धुवायला उठलो तर मागं मागं आला आणि फोन पुढं केला. ग्रुपवर आलेली क्लिप. स्टेशनच्या पार्किंगमागं तीनचार पोरं एका पोराला मारतायत, त्याच्याच क्लासमधला पोरगा, मला चेहऱ्यानं माहीत असलेला, आमच्याकडं वाढदिवसाला येऊन गेलेला. तो दोन हातांनी डोकं झाकून खाली बसलाय. मारणाऱ्यांपेक्षा मला तो आवाज लागला, फोन धरणाऱ्याचा, हसण्याचा, अगदी फोनजवळचा. क्लिप रविवारची होती. म्हणजे तीन दिवस ती माझ्या घरात होती, चार्जिंगला लावलेली, उशीशेजारी. पोरगा म्हणाला, तो सोमवारपासून क्लासला येत नाहीये.

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "तू नव्हतास ना तिथं?"

नाही म्हणाला.

"नक्की?"

"नाही पप्पा."

"मग झालं तर. डिलीट कर, आणि कुणाला फॉरवर्ड करू नकोस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पिक्चर संपल्यावर तुम्ही दिवे लागायची वाट बघत बसता आणि दिवे लागत नाहीत, तेव्हा बघतो तसं. मग आत गेला. मी टॉवेलला हात पुसत उभा, आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायलाच पाहिजे. माझा पोरगा त्यात नाही, एवढंच डोक्यात. ज्याचं डोकं त्या पार्किंगच्या भिंतीला लागलं असेल त्याचा विचार मला झोपताना आला, आणि तोसुद्धा, त्याच्या घरच्यांना माहीत असेलच की, असा.

तीन रात्री असंच गेलं. शनिवारी पिक्चर शोधला. फार वर्षांपूर्वी कुठंतरी त्याच्याबद्दल वाचलं होतं, की एक असा सिनेमा आहे ज्यात पोरांना माहीत असतं आणि ती सांगत नाहीत, आणि इतकी वर्षं मी तो बघणं टाळत आलो होतो.

रविवारी सकाळी बारक्याला फोन केला. आमचं बोलणं होत नाही तसं, लग्नाकार्याला भेट, दिवाळीला मेसेज. तो कळंबोलीला ट्रान्सपोर्टमध्ये आहे. इकडचं तिकडचं झालं, पोरं कशी आहेत, गुडघा कसा आहे, आणि मग मी म्हटलं, अरे तुला तो पोतंवाला आठवतो का.

बराच वेळ काही नाही. मागं ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तो आवाज.

"आठवतो ना," म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"आईला. त्याच रात्री."

मी खाली बसलो. बावीसतेवीस वर्षं मला वाटत होतं आम्ही पाच जण गप्प बसलो. त्यानं सांगितलं होतं. घरी गेला, काकी भाकरी थापत होती, तो चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उकिडवा बसला आणि म्हणाला की पाँडवर तो माणूस पडलाय, आणि आई, मला वाटतं तो जिवंत आहे. काकीचा हात थांबला. तिनं विचारलं, "तुला कुणी बघितलं का तिथं?" हा म्हणाला नाही. मग ती म्हणाली, "हातपाय धू आणि जेवायला बस. बापाच्या कानावर घालू नकोस."

"मग?"

"मग काय, जेवलो."

ती काकी, जिनं मला स्वतःच्या पोरासारखं वाढलंय. आमची आई गावी गेली की माझं ताट तिच्याकडं. कुणाचं बाळंतपण असो, मयत असो, सगळ्यात पुढं ती. मला राग येईल असं वाटलं, पण बारक्याच पुढं सांगायला लागला, आणि मग राग धरायला जागाच उरली नाही. त्याचे वडील त्याआधी एकदा साक्षीदार झाले होते. मार्केटमध्ये गाडी मागं घेताना एक हमाल चेंगरला, ह्यांनी बघितलं, ह्यांनीच उचलून नेला, जबाब दिला. पुढं कोर्टाच्या तारखा, चार वर्षं. प्रत्येक तारखेला खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, आणि कोर्टात गेल्यावर कळायचं की आज होणार नाही, पुढची तारीख. त्या चार वर्षांत बारक्याच्या बहिणीची शाळा सुटली. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला असा त्रास द्यायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१६ला सांगितलं. काकीला ते २००२ला कोण सांगणार होतं? तिनं हिशोब केला. एका अनोळखी माणसाचा जीव आणि तिच्या घरातली पोरं. भाकरी तव्यावर असताना केला.

बारक्या म्हणाला, ती अजून कधी कधी विचारते. गावी असते आता, सत्तरी उलटली. त्याची पोरं सुट्टीला गेली की संध्याकाळी अंगणात बसून विचारते, "त्या माणसाचं कुणी आलं होतं का रे?" बाकी काही नाही, एवढंच.

फोन ठेवला तेव्हा पोरगा सोफ्यावर होता, कानात हेडफोन, पण एक बाजू काढलेली. किती ऐकलं त्यानं माहीत नाही. मी म्हटलं, त्या मुलाचं घर माहितीये का तुला? तो म्हणाला, सिम्प्लेक्समध्ये. मग म्हणाला, पप्पा, क्लिप मी डिलीट केली नाहीये.

चप्पल घालताना बायकोनं विचारलं कुठं निघालात, मी सांगितलं, सगळं सांगितलं तिथंच दारात. तिनं एवढंच म्हटलं, थांबा, आणि आतून पिशवीत चार सफरचंदं घालून आणली, आजारी माणसाकडं जाताना नेतात तशी.

चालतच गेलो. त्याला वाटेत म्हटलं, मी बोलेन, तू नुसता उभा राहा. चौथा मजला, लिफ्ट बंद. दारावर गणपतीची टाइल, बाहेर चपलांचं स्टँड, त्यात त्याचे शाळेचे बूट, पॉलिश केलेले. बेल मी दाबली. त्याच्या आईनं दार उघडलं, हाताला कणीक, मनगटानं केस मागं सारत. मला ओळखलं, हसली, या ना भाऊ, म्हणाली. आत पोरगा टीव्हीसमोर बसला होता, घरात टोपी घालून, खाली भुवईपर्यंत ओढलेली. आम्हाला बघून त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

"तो काय, पडलाय ना जिन्यात," ती म्हणाली, "सहा टाके आलेत, आठवडाभर तरी घरीच."

मी तोंड उघडलं. मला शब्द सुचेनात, खरंच सुचेनात, पिशवी पुढं केली फक्त. आणि माझ्या मागून, जिन्याच्या वरच्या पायरीवरून, माझा पोरगा म्हणाला, "काकू, तो जिन्यात नाही पडला."